वाचक विचारतात : कंट्री म्युझिक नेमकं कुणाचं?

मागच्या अंकात आम्ही अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकवर अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं, त्यात "तिकडच्या खेड्यातलं गाणं" एवढंच काय ते सांगून झालं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

"ताई, माह्या पुतण्या पुण्याले इंजिनिअरिंगले हाये. दिवाळीले घरी आला त ट्रॅक्टरवर दिवसभर इंग्रजी गाणे लावून रायला होता. मले म्हणते, काका हे अमेरिकेतल्या शेतकऱ्यायचे गाणे होत, कंट्री म्युझिक. मी यूट्यूबवर पायलं त सारे टोपीवाले गोरे माणसं. मंग हे गोऱ्यायचंच संगीत होय ना? आपल्याले त्यात काय सापडन?"
— एक वाचक, दारव्हा तालुका

भाऊ, पुतण्या बरोबर सांगतोय आणि तुम्ही पाहिलं तेही खरंच आहे, पण ती टोपी आली कुठून तिथूनच सुरू करू. घोड्यावर बसून गुरं हाकायची विद्या, फास टाकायची दोरी, ते खोगीर, हे सगळं टेक्सासच्या काउबॉयनं मेक्सिकोच्या गुराख्यांकडून घेतलं, त्यांना वाकेरो म्हणतात. १८६५ नंतर टेक्सासमधून जे मोठमोठे कळप उत्तरेकडे हाकत न्यायचे त्या गुराख्यांत काळी पोरं होती, मेक्सिकन होती, आणि चांगली भरपूर होती. सिनेमावाल्यांनी ती दाखवली नाहीत म्हणून आपल्या डोळ्यासमोर एकच चेहरा बसला.

आता बँजो घ्या, ज्याचा तो टणटण आवाज आला की आपण म्हणतो हां, हे कंट्री. तो आला आफ्रिकेतून. सेनेगल-गांबियाकडचे जोला लोक अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजवतात, वाळवलेल्या तुंब्यावर चामडं ताणलेलं, लांब दांडी, तीन तारा आणि त्यातली एक आखूड, ती अंगठ्यानं छेडायची. जहाजात कोंबून ज्यांना गुलाम म्हणून नेलं त्यांच्याजवळ सामान काही नव्हतं, पण हाताला आणि कानाला ते वाद्य माहीत होतं, त्यांनी आधी कॅरिबियन बेटांवर आणि मग व्हर्जिनिया-मेरीलँडकडे तिथल्या तुंब्यातून ते पुन्हा घडवलं. १०० वर्षांहून जास्त काळ बँजो म्हणजे काळ्यांचं वाद्य हेच सगळ्यांना माहीत होतं. मग १८४० च्या दशकात गोरे कलाकार जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, काळ्या माणसाची नक्कल करत स्टेजवर बँजो वाजवायला लागले, मिन्स्ट्रेल शो म्हणायचे त्याला, तो धंदा तुफान चालला आणि त्याच रस्त्यानं बँजो गोऱ्यांच्या घरात शिरला. मला याचा राग येतो, दर वेळी वाचताना येतो. ज्यांचं वाद्य त्यांचीच टिंगल करून ते गाजवलं.

फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, ते स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडकडून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरात आलेल्या गरीब लोकांनी आणलं, सोबत त्यांच्या लांबच लांब कथागीतंही आली, खून, पूर, फसवलेली पोरगी वगैरे. पण दक्षिणेतल्या मळ्यांवर मालकाच्या घरी नाच असला की फिडल वाजवायला बहुतेक वेळा गुलामच बसवलेला असायचा, त्यामुळे ती धून त्याच्या हातातून जाताना बदलली, तिला त्याचा ठेका लागला. गळा तुटल्यासारखा वर-खाली होणारा तो योडेल आहे ना, तो आल्प्सच्या डोंगरातला. मँडोलिन इटलीची. गिटार मेक्सिकोकडूनही आली आणि सीअर्स कंपनीच्या पोस्टानं येणाऱ्या कॅटलॉगमधूनही, स्वस्तात.

मग हे सगळं "गोऱ्यांचं" कधी झालं? १९२० च्या दशकात, आणि झालं ते रेकॉर्डच्या दुकानात. १९२० मध्ये ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची ब्लूजची (काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांची) रेकॉर्ड काढली, ती इतकी खपली की कंपन्यांना कळलं काळे लोकही पैसे देऊन रेकॉर्ड घेतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली, तिचं नाव "रेस रेकॉर्ड्स", रेस म्हणजे इथं वंश. १९२३ मध्ये याच कंपनीचा राल्फ पीअर अटलांटाला गेला, तिथल्या एका फर्निचर दुकानदाराच्या आग्रहावरून (रेकॉर्ड वाजवायचा फोनोग्राफ तेव्हा फर्निचरच्याच दुकानात मिळायचा) त्यानं फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या वादकाचं रेकॉर्डिंग केलं. पीअरला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण माल हातोहात गेला, आणि मग दुसरी यादी निघाली, खेड्यातल्या गोऱ्यांसाठी, तिला लोक "हिलबिली", म्हणजे डोंगरातले गावंढळ, म्हणायला लागले. गाव एक, धून एक, बँजो एक, आणि याद्या दोन. काळ्या लोकांचे फिडल-बँजोचे ताफे जागोजागी होते पण ते कुठल्याच यादीत बसेनात म्हणून त्यांचं रेकॉर्डिंगच फार कमी झालं, आणि पुढच्या पिढीला वाटलं असे ताफे नव्हतेच मुळी. वाजवणारे एकमेकांच्या ओसरीवर बसून शिकत होते, वाटणी केली ती विकणाऱ्यांनी. तुम्ही यूट्यूबवर जे पाहिलं ते त्या यादीचं आजचं रूप आहे भाऊ.

हे मी हवेत बोलत नाही, एकेक नाव घेऊन सांगते. १९२७ च्या उन्हाळ्यात पीअरनं ब्रिस्टल नावाच्या गावात, जिथं मेन रोडच्या एका बाजूला टेनेसी आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया, तिथं काही दिवस मुक्काम ठोकून आसपासच्या लोकांना बोलावलं. त्यात कार्टर फॅमिली सापडली, ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि भावजय मेबेल, आणि त्याच आठवड्यात जिमी रॉजर्स सापडला. कंट्रीचा जन्म इथं झाला असं तिकडं अभिमानानं सांगतात. आता कार्टरला गाणी कुठून मिळायची? तो डोंगरात गावोगाव फिरून गोळा करायचा, आणि १९२८ पासून त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडलच्या डोक्यात राहायची, घरी आल्यावर रिडल ती बाकीच्यांना वाजवून दाखवायचा. मेबेलच्या ज्या गिटारवर पुढच्या पिढ्या शिकल्या तिच्यात रिडलचा हात आहे हे मेबेलनंच सांगितलं. रेकॉर्डवर मात्र त्याचं नाव नाही, १९६० च्या दशकात कुणीतरी शोधत गेलं तेव्हा जगाला कळलं.

जिमी रॉजर्स मिसिसिपीतला, रेल्वेत कामाला, टीबीनं १९३३ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. पोरवयात तो रुळाच्या कामावरच्या काळ्या मजुरांना पाणी पोचवायचा आणि तिथली गाणी ऐकायचा. त्याच्या "ब्लू योडेल" म्हणजे ब्लूजमध्ये मिसळलेलं योडेल. १९३० मध्ये त्यातल्या नवव्या गाण्यावर ट्रम्पेट आहे लुई आर्मस्ट्राँगचा आणि पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगचा, आणि रेकॉर्डच्या लेबलवर दोघांचंही नाव छापलेलं नव्हतं. हँक विल्यम्सला पोरवयात गिटार शिकवली अलाबामाच्या रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेननं. ब्लूग्रासचा, म्हणजे फिडल-बँजोवरच्या वेगवान कंट्रीचा, बाप म्हणतात तो बिल मन्रो, तो केंटकीतल्या अर्नोल्ड शुल्ट्झचं नाव स्वतःहून घ्यायचा. दोन्ही गुरू काळे.

आणि डीफर्ड बेली. याच्यावर मी अख्खा अंक लिहू शकते. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५ पासून दर शनिवारी रात्री गाण्याचा कार्यक्रम लागायचा (स्टेशन एका विमा कंपनीचं होतं), बेली त्यात माउथ ऑर्गन वाजवायचा. लहानपणी पोलिओ झालेला, उंची कमी, पण त्या एवढ्याशा बाजावर तो धडधडत येणारं रेल्वे इंजिन उभं करायचा. १९२७ मध्ये निवेदकानं "ग्रँड ओल ऑप्री" हे नाव पहिल्यांदा उच्चारलं ते बेलीच्या वादनाच्या वेळी, आणि तेच नाव आजपर्यंत चालू आहे, तिथं गायला मिळणं म्हणजे कंट्रीतला सगळ्यात मोठा मान. तर ज्या माणसाच्या वेळी बारसं झालं तो माणूस दौऱ्यावर गेला की सोबतच्या गोऱ्या कलाकारांच्या हॉटेलात त्याला खोली नाही आणि खाणावळीत टेबल नाही. आपल्याकडे लग्नात वाजंत्री सगळ्यात आधी लागते आणि त्यांचं पान सगळ्यात शेवटी पडते, कित्येक गावात वेगळंच पडते, हे आपण पाहत आलोय, त्यामुळे बेलीची गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढची बरीच वर्षं त्यानं नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. १९८२ मध्ये वारला, आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००५ ला.

म्हणून भाऊ, पुतण्याला गाणी लावू द्या, फक्त त्याला ही नावं सांगा.

"मी झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. कंट्रीच्या गाण्यात एक गिटार असते, रडल्यासारखी, सूर घसरवत जाणारी. आपल्या मींडीसारखं वाटते. ते काय आहे?"
— एक वादक, देसाईगंज (वडसा)

तुमचा कान पक्का आहे दादा. ती स्टील गिटार, आणि ती आहे हवाई बेटांची. १८८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं गिटार आडवी ठेवून तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवून पाहिला आणि त्यातून ही पद्धत बसवली असं मानतात. गिटार तिथं आधीच पोचली होती, १८३० च्या दशकात हवाईच्या राजानं मोकाट गुरं आवरायला मेक्सिकन वाकेरो बोलावले होते त्यांच्यासोबत. पुढे अमेरिकन धनाढ्यांनी १८९३ ला तिथल्या राणीला गादीवरून खाली ओढलं, १८९८ ला देशच गिळला, आणि कलाकार पोट भरायला अमेरिकेत फिरू लागले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी हे ऐकलं आणि वेडे झाले. जिमी रॉजर्सच्या १९२९ च्या काही गाण्यांत जो कायपो हा हवाईचाच वादक आहे. नंतर तिला वीज जोडली, मग १९५० च्या दशकात पायानं दाबायची पेडलं लागली, आणि आज हा आवाज नसला तर लोकांना कंट्री कंट्री वाटत नाही.

आणि मींड म्हणालात ते अगदी खरं, कारण हीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली, टाउ मो हा हवाईचा वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहायचा, वाजवायचा, शिकवायचा. मग आपल्या सिनेसंगीतात ती शिरली. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. विश्वमोहन भट्टांनी तिला चिकारी, तरफेच्या तारा लावून मोहनवीणा केली आणि १९९४ ला राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्यासोबत ग्रॅमी आणला. ती जुगलबंदी नक्की ऐका, प्रयोग नसेल त्या रात्री, निवांत.

"आमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत. बाबा खाणीत होते. कंट्री म्युझिकमध्ये बायका आहेत का, की नुसते ट्रक, दारू आणि पुरुषांचं रडणं? मैत्रिणी हसतात म्हणून नाव देऊ नका."
— एक वाचक, वणी तालुका

हसू दे त्यांना, तू लोरेटा लिन ऐक. १९३२ चा जन्म, केंटकीतल्या बुचर हॉलर नावाच्या दरीतली, बाप कोळशाच्या खाणीत, आठ भावंडं. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत लेकरं. नवऱ्यानं एक स्वस्तातली गिटार आणून दिली, ती स्वतःच शिकली आणि स्वतःचं घर, स्वतःचा नवरा, स्वतःचं बाळंतपण गाण्यात लिहायला लागली. बाप खाणीतून आल्यावर घरात कसं असायचं यावरचं तिचं १९७० चं गाणं तुला लगेच लागेल, डिक्शनरी लागणार नाही. १९७५ मध्ये तिचं कुटुंबनियोजनाच्या गोळीवरचं गाणं आलं, एक बाई नवऱ्याला सांगते की दरवर्षीचं बाळंतपण आता बंद, तर कित्येक रेडिओ स्टेशननं ते लावायला नकार दिला. तरी खपलं, कारण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते पोचलं. आपल्या आज्या जात्यावर सासूबद्दल, नवऱ्याबद्दल काय काय गायच्या ते आठव, भुलाबाईच्या गाण्यात सासरचा वैद्य आणि माहेरचा वैद्य आठव, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

तिच्या आधी किटी वेल्स. १९५२ मध्ये एका पुरुषाचं गाणं फार गाजत होतं, बायको सोडून बारमध्ये गेली, बाईची जातच तशी, या अर्थाचं. त्याच चालीवर किटीनं उत्तर दिलं, बाई बिघडते म्हणता तर तिला तिथवर आणतं कोण ते विचारा. तेव्हा ती तिशी ओलांडलेली, तीन लेकरांची आई, रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळतील म्हणून आली होती. ऑप्रीवर सुरुवातीला ते गायलाच बंदी. आणि बिलबोर्ड या गाण्यांचे क्रमांक छापणाऱ्या नियतकालिकाच्या कंट्रीच्या यादीत एकट्या बाईचं पहिलं एक नंबर गाणं तेच ठरलं. डॉली पार्टन तुला माहीत असेलच, टेनेसीतल्या बारा भावंडांतली एक, तिच्याबद्दल एवढंच सांगते की चमकणाऱ्या कपड्यांवर जाऊ नको, ती आधी लेखिका आहे, फार मोठी.

पण लिंडा मार्टेल हे नाव लिहून ठेव. १९६९ मध्ये ऑप्रीच्या स्टेजवर एकटीनं गाणारी पहिली काळी बाई. समोरून लोक अर्वाच्य ओरडायचे आणि ती गात राहायची. १९७० मध्ये एक अल्बम आला, चांगला चालला, आणि मग तिला वाटच दिली नाही कुणी.

"ताई, तिकडं कापूस हाये, कर्जबी असनच. त्यायच्या गाण्यात सावकार हाये का? बोंडअळी हाये का? का नुसतं प्रेमच हाये?"
— एक कापूस उत्पादक, राळेगाव तालुका

या पत्रानं मला दोन रात्री जागवलं, कारण विचारणाऱ्याला माहीत नसेल पण तिकडचा कापूस आणि आपली पऱ्हाटी एकमेकांना बांधलेली आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामगिरीवरून. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर आली, जो १८५३ पासून त्यांच्याच ताब्यात होता. भाव चढले, पेरा वाढला, ज्वारीच्या जागी कापूस आला, रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. तोवर युद्ध संपून भाव पडले होते आणि उचललेलं कर्ज तेवढं राहिलं. तुमच्या गावातल्या जुन्या सावकारीची मुळं खोदली तर त्यातली काही मिसिसिपीत निघतील.

तिकडं काय झालं? गुलाम सुटले पण जमीन मालकाचीच. मग बटई. जमीन मालकाची, बियाणं-अवजारं-किराणा मालकाच्या दुकानातून उधार, व्याज जबर, हिशेबाची वही मालकाच्या हातात, कापूस निघाला की अर्धा त्याचा आणि उरलेल्या अर्ध्यातून उधारी वळती. वर्षाच्या शेवटी हातात शून्य, किंवा पुढच्या सालाचं कर्ज. यात काळेही अडकले आणि लाखो गरीब गोरेही, शेजारशेजारच्या वावरात. एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते, पण कापूस वेचताना गाणं कानावर येतंच ना.

बोंडअळी विचारली तुम्ही. त्यांच्याकडे बोल वीव्हिल, आपल्यासारखी अळी-पतंग नाही, सोंडेचा किडा, पण खायचा बोंडच. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये घुसला आणि तीसेक वर्षांत सगळी कापूसपट्टी खाऊन टाकली. त्याच्यावर गाणी आहेत, काळ्यांनीही गायली आणि गोऱ्यांनीही, त्यात शेतकरी आणि किडा एकमेकांशी बोलतात, शेतकरी म्हणतो मी तुला उन्हात तापवीन, किडा म्हणतो मला बरंच वाटेल. आपल्या पोळ्याच्या झडत्यांत असतो तसाच तिखटपणा. अलाबामात एंटरप्राइज नावाच्या गावानं तर १९१९ मध्ये या किड्याचं चौकात स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळे लोक नुसत्या कापसावरून भुईमुगाकडे वळले आणि तगले.

आणि गाणारे? जॉन कार्सन, ज्याचं वर सांगितलं, तो अटलांटात कापडगिरणीत काम केलेला. जॉनी कॅशचं कुटुंब १९३५ मध्ये आर्कान्साच्या डायस वसाहतीत आलं, सरकारनं मंदीतल्या गरीब शेतकऱ्यांना २० एकर जमीन दिली होती, दलदलीची, तोडून साफ करायची, आणि जॉनी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून शेतात. विली नेल्सन टेक्सासमध्ये कापूस वेचतच मोठा झाला. आणि चार्ली प्राइड! मिसिसिपीतल्या स्लेजचा, १९३४ चा, काळा, बटईदाराचा पोरगा, अकरा भावंडं. दिवसभर वेचणी आणि शनिवारी रात्री बापाच्या रेडिओवर ऑप्री, म्हणजे त्याच्यासाठी कंट्री हे घरचंच गाणं, त्याला कुणाची परवानगी विचारायची गरज नव्हती. आधी बेसबॉलमध्ये नशीब काढायला गेला. १९६६ मध्ये आरसीए कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढली तेव्हा रेडिओवाल्यांना सोबत फोटो पाठवलाच नाही, आवाज ऐकून सगळ्यांना वाटलं गोराच असेल. पहिल्या मोठ्या शोला नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट आणि तो स्टेजवर आला तशी एकदम शांतता. तो गायला. पुढे २९ गाणी एक नंबरला गेली, १९७१ ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षाचा सर्वोत्तम कलाकार झाला, २००० मध्ये हॉल ऑफ फेम, आणि २०२० च्या डिसेंबरात कोरोनात गेला.

कर्जाचं राहिलं. १९७० च्या दशकात तिकडच्या सरकारनं आणि बँकांनी शेतकऱ्यांना सांगितलं जमीन घ्या, यंत्रं घ्या, कर्ज घ्या. मग व्याजदर आकाशाला भिडले, जमिनीचे आणि मालाचे भाव कोसळले, आणि १९८० च्या दशकात घरं-वावरं लिलावात निघाली. आत्महत्या झाल्या तिथंही. हे आपल्या यवतमाळात मी कुणाला समजावू? तेव्हा विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकँप यांनी २२ सप्टेंबर १९८५ ला इलिनॉयच्या शॅम्पेन गावात फार्म एड नावाचा मोठा जलसा केला, ७० लाख डॉलरहून जास्त जमले, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी फोनची हेल्पलाइन सुरू झाली आणि ती आजही चालते, जलसाही होतो. पुढे याच कलाकारांनी शेतकऱ्यांना सोबत नेऊन अमेरिकेच्या संसदेसमोर साक्षी दिल्या आणि १९८७ मध्ये शेतीकर्जाचा कायदा झाला, लिलावांना काही लगाम बसला. कापूस वेचलेल्या हातानं गिटार धरली आणि वेळ आल्यावर तो हात परत वावराकडे वळला, मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

"बियॉन्सेनं कंट्रीचा अल्बम काढला तर एवढी बोंब काहून?"
— एक विद्यार्थी, दिग्रस

वरचं सगळं वाचलं असशील तर अर्धं उत्तर तुला मिळालंच. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या पोराचं रॅप आणि कंट्री मिसळलेलं गाणं बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं, म्हणाले यात कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत. तेच गाणं मुख्य यादीत १९ आठवडे एक नंबरला राहिलं. २०२४ मध्ये बियॉन्से या काळ्या गायिकेचा "काउबॉय कार्टर" आला, ती स्वतः टेक्सासची, आणि तिच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात बँजो वाजवलाय रायनन गिडन्सनं, जी गेली वीस वर्षं काळ्या लोकांच्या बँजोचा इतिहास लोकांसमोर आणतेय आणि त्यासाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या जो थॉमसन या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊन शिकली. लिंडा मार्टेलचा आवाजही त्या अल्बमवर आहे, ऐंशी ओलांडल्यावर. कंट्री म्युझिक असोसिएशननं त्या वर्षी बियॉन्सेला एकही नामांकन दिलं नाही, आणि २०२५ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बम आणि वर्षाचा अल्बम दोन्ही तिलाच मिळाले. आवडो न आवडो, ती परक्याच्या घरात शिरली हे म्हणणं साफ खोटं आहे.

"मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शनिवारी दप्तराविना शाळा असते. पोरांना हे ऐकवायचं म्हटलं तर कसं करू? ब्लूटूथ स्पीकर आहे, रेंज नाही."
— एक शिक्षक

सर, रेंज नाही म्हणजे आधी तालुक्याला आल्यावर डाउनलोड करून घ्या. पोरांना इतिहास सांगत बसू नका सुरुवातीला. पहिलं अकोंटिंगचं वादन लावा, दोन मिनिटं, लगेच त्याच्यामागे बँजो, आणि विचारा दोघांत सारखं काय वाटलं, पोरं बरोबर सांगतात. मग डीफर्ड बेलीचं रेल्वेवालं वादन, आणि ते कशाचा आवाज आहे हे आधी सांगू नका. मग कार्टर फॅमिली एक, जिमी रॉजर्सचं योडेल एक, योडेलवर हसतील, हसू द्या, नक्कल करतील, करू द्या. मोठ्या वर्गाला चार्ली प्राइड ऐकवून नंतर फोटो दाखवा आणि रेडिओवाल्यांची गोष्ट सांगा. फ्रेडी फेंडरचं १९७५ चं गाणंही घ्या, टेक्सासचा मेक्सिकन माणूस, अर्धं इंग्रजी गातो आणि अर्धं स्पॅनिश, आणि कंट्रीच्या यादीत एक नंबरला गेला, कोरकू आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या पोरांना त्यात नवल वाटणार नाही. तासभर पुरे. उरलेल्या वेळात पोरांना त्यांच्या घरची गाणी म्हणू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, आणि गाणं कुणाकडून शिकलं, कोणतं गाव, ढोल कुणी वाजवला, ते सगळं नावासकट वहीत लिहून आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवतेय.